खालचं तेल

हिल्मा किवेलानं माझ्या धंद्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं दुसऱ्या कुणी केलं नसेल. कार्हू तळ्याच्या धक्क्यावर बोटींच्या मोटरी दुरुस्त करणारा मी एकटाच, विल्हो. म्हणजे माझ्याकडे गिऱ्हाइकांना तोटा नको. पण ही बाई घरची मोटर तर माझ्याकडे कधी आणायची नाहीच, वर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मोटरीही फुकटात बघून द्यायची. कुणी मासा दिला तर मासा घ्यायचा, नाहीतर नुसतंच हसून घरी यायचं. मी चिडलो की म्हणायची, "विल्हो, तुला रे काय कमी? या तळ्यावर आळशी माणसं थोडी आहेत का?"

ते मात्र खरं. दर वर्षी मे महिन्यात बर्फ फुटून पाणी मोकळं झालं की माझ्या दारात रांग लागते आणि प्रत्येकाचं रडगाणं तेच. "अरे, काल तर छान चालत होती!" काल म्हणजे ऑक्टोबरात. मधला अख्खा हिवाळा मोटर कुठल्यातरी गोठ्यात आडवी पडलेली, वर कोंबड्या बसलेल्या, आणि हे साहेब मला सांगणार की काल चालत होती. अशा वेळी माझं डोकं फिरतं. मग मी काय बोलतो ते आमच्या पाद्र्यांना विचारा, त्यांनीही एकदा ऐकून घेतलंय.

खरं तर काम एवढंसं असतं. मोटरचा खालचा, पाण्यात बुडणारा भाग असतो ना, पंख्याच्या पुढचा, त्यात दातेरी चाकं तेलात फिरत असतात. त्याला आम्ही खालचं तेल म्हणतो. पंख्याच्या दांड्याभोवती रबराचं सील असतं, ते बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही. सील गेलं की पाणी शिरतं. उन्हाळ्यात त्याचं फारसं काही जाणवत नाही. पण तेच पाणी हिवाळाभर आत राहिलं तर गोठतं, फुगतं आणि जाड धातूचं कवचही चिरून टाकतं. म्हणून बोट बाहेर काढली की त्याच आठवड्यात खालचा स्क्रू ढिला करायचा. पाणी तळाशी बसलेलं असतं, ते आधी बाहेर येतं. मग सगळं तेल काढून टाकायचं, नवं भरायचं, स्क्रूला नवा वॉशर घालायचा, की संपलं. एवढ्यालाही लोकांना वेळ नसतो.

हिल्माला असायचा. तरुणपणी ती लाकूडतोड्यांच्या कँपात स्वयंपाकीण होती. शंभर माणसांना वेळेवर जेवायला घालणारी बाई, तिला अर्धवट काम बघवायचंच नाही. बुटकी, रुंद खांद्याची, पायात रबरी बूट आणि चष्मा दोरीनं गळ्यात. तेलाचा थेंब दोन बोटांत चोळायची, उजेडात धरायची आणि तिथल्या तिथं निकाल द्यायची. माझ्याकडे यायची ती फक्त वॉशर घ्यायला. तेही हातात घेऊन उलटसुलट बघणार आणि म्हणणार, "हे मागच्या वर्षीचेच मला विकतोयस ना?" असायचे मागच्या वर्षीचे. मी कबूल केलं नाही कधी, ती गोष्ट वेगळी.

तिचा नवरा रेनो याच्या अगदी उलट. तळ्यातला प्रत्येक खडक त्याला अंधारातही ठाऊक, जाळं कुठं टाकायचं ते वाऱ्यावरून सांगेल. पण पाना हातात दिला तर त्यानं तो कॉफी ढवळेल. दोघांची वाटणीच ठरलेली होती. पाण्यावर असेपर्यंत मोटर रेनोची, काठाला लागली की हिल्माची. लोक चेष्टा करायचे. "काय रेनो, बायकोला विचारून आलास का?" तो शांतपणे म्हणायचा, "विचारून आलो, म्हणून परत घरी पोचणार. तुझं तू बघ."

मागच्या सप्टेंबरात हिल्मा आजारी पडली. पोटात काहीतरी निघालं. तिला थंडर बे शहरातल्या दवाखान्यात नेलं ते नेलंच, ती परत आली नाही. जानेवारीत गेली. आमच्याकडे जानेवारीत जमीन दगडासारखी असते, कुदळ मारली तर कुदळ वाकेल. हिवाळ्यात गेलेली माणसं चर्चमागच्या दगडी खोलीत मे महिन्याची वाट बघतात. हिल्मालाही आणून तिथंच ठेवलं होतं.

आता रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची जुनी माणसं फिनलंडहून आली ती आधी तळ्यातल्या बेटावर राहिली आणि पुरलीही तिथंच गेली. अजून आम्ही आपलं माणूस बेटावरच नेतो. ते न्यायचं घरच्या नावेतून, घरच्या मोटरवर. दोरी ओढून मोटर चालू करायची ती सगळ्यात जवळच्या माणसानं. बाकीच्या नावा मागून येतात. उसन्या नावेतून नेलं तर माणूस तिथं पाहुण्यासारखं जाऊन पडतं, असं म्हातारे मानायचे. मी काही फार मानणारा नाही. पण माझ्या आईला नेताना शेजाऱ्याची नवी कोरी बोट सोडून मीही आमचं गळकं होडकंच घेतलं होतं.

मे लागला, पाणी मोकळं झालं, तशी एका गुरुवारी सकाळी रेनो मोटर घेऊन माझ्याकडे आला. त्याची मुलगी मारिता गाडी चालवत होती. ती थंडर बेला शाळेत शिकवते, आईला पुरायला म्हणून आलेली. शनिवारी पाद्री येणार होते. बापलेकीत काहीतरी बिनसलं होतं, हे गाडीचं दार ज्या आवाजात लागलं त्यावरूनच कळलं.

"विल्हो, ही घरघरते," रेनो म्हणाला. "आणि शेडमध्ये हिच्याखाली डाग पडलाय."

"कसला डाग?"

"मला कळत असतं तर तुझ्याकडे आलो असतो का?"

मारिता म्हणाली, "विल्होकाका, सरळ सांगा. शनिवारपर्यंत होईल का? बाबा म्हणतात, याच मोटरवर नेणार, नाहीतर थांबणार. मी थांबणार नाही. शनिवारी झालं नाही तर सोमवारी मी आईला शहरात नेते. तिथं जागा बघून ठेवलीय."

"शहरात?" मी रेनोकडे बघितलं. तो मोटरकडे बघत होता.

"हो, शहरात. निदान तिथं रस्त्यानं जाता येतं."

हिल्मा शहरात, कुणाकुणा अनोळखी माणसांच्या रांगेत! पण लेकीशी वाद घालायचा मला काय अधिकार? मी मोटर स्टँडवर उभी केली आणि कामाला लागलो.

खालचा स्क्रू ढिला केला. आधी गढूळ पाणी ठिबकलं. मग मागून घट्ट, दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं तेल आलं. तेही निम्मंच. बाकीचं कुठंतरी गळून गेलेलं.

"वाईट आहे का?" रेनोनं विचारलं.

"चांगलं नाही. पाणी शिरलंय. कुठून शिरलं ते आता शोधायचं."

पंखा काढला आणि मला हसूच आलं. दांड्याभोवती कुणाच्या तरी गळाचा नायलॉनचा धागा गुरफटून बसला होता, अगदी सीलपर्यंत घुसलेला. पाहुणे लोक उन्हाळ्यात येतात, गळ तुटला की धागा पाण्यात सोडून देतात, आणि तो आमच्या पंख्यात येतो. धागा चिमट्यानं ओढून काढला. खाली सील कापलेलं स्पष्ट दिसत होतं.

"सापडला चोर!" मी म्हणालो. "सील गेलंय, बाकी काही नाही. माझ्याकडे आहे या मापाचं. शनिवार कसला, उद्या सकाळी घेऊन जा."

रेनोनं टोपी काढली आणि परत घातली. मारिताचा चेहराही जरा सैल झाला. तिनं गाडीतून थर्मास आणि वेलदोड्याचा गोड पाव आणला. पाव कापताना म्हणाली, "आईसारखा नाही झालाय. मी साखर जास्त घालते."

"तुझ्या आईनं साखर घातलेली मी कधी चाखलीच नाही," मी म्हणालो. रेनोसुद्धा हसला. जीव भांड्यात पडला सगळ्यांचा.

दुपारपर्यंत नवं सील बसवलं. पण सील बसवलं म्हणून काम झालं असं नसतं, तपासून बघावं लागतं. तेलाच्या भोकाला छोटा पंप लावून आत हवा भरायची आणि खालचा भाग पाण्याच्या टबात बुडवायचा. कुठं फट असेल तिथून बुडबुडे येतात. मी पंप मारला. तिघंही टबावर वाकून बघत होतो. पंख्याच्या दांड्यापाशी एकही बुडबुडा नाही. वरच्या स्क्रूपाशी नाही. मी म्हणणारच होतो की झालं, तेवढ्यात खालून, कवचाच्या पोटापासून, बुडबुड्यांची एक बारीक ओळ वर आली. मग दुसरी. मी आणखी हवा भरली, तर ओळच्या ओळ.

मोटर बाहेर काढली, आडवी केली आणि पोटाकडचा मळ तारेच्या ब्रशनं घासला. रंगाखाली चीर होती. माझ्या तळहाताएवढी लांब.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "ही बर्फानं फुटलीय! पाणी आत गोठून फुटलीय ही! म्हणजे ऑक्टोबरात खालचं तेल काढलंच नाही! अरे, सगळ्या तळ्यावर कुणीही हे केलं असतं तर मी समजू शकलो असतो, पण किवेलांच्या घरात? हिल्माच्या घरात?"

एवढं बोललो आणि माझी जीभ चावली. हिल्मा घरात होतीच कुठं?

रेनोनं चिरेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "चीर भरता येत नाही का?"

"येते. चिरेत लांबीचा लेप भरून देतो, पोहोचशील कदाचित. कदाचित तळ्याच्या मधोमध लेप निघेल, चाकं अडकतील, आणि वाऱ्यावर वाहत जाशील. पाण्यात अजून बर्फाच्या लाद्या तरंगतायत. नावेत तू, ही पोरगी आणि हिल्माची पेटी. नाही रेनो, मी हे करून देणार नाही. तू माझ्याशी आयुष्यात बोलला नाहीस तरी चालेल."

"मग नवा खालचा भाग मागव."

"इतक्या जुन्या मोटरचा? शोधूनच महिना जाईल."

"मग महिनाभर थांबू."

"थांबू!" मारिता ओरडली. हातातला कप तिनं टेबलावर असा आपटला की कॉफी उडाली. "अजून थांबू! बाबा, सगळा हिवाळा तुम्ही हेच केलंत. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, आता फार दिवस नाहीत. तुम्ही काय केलंत? फोनवर तिला म्हणालात, लवकर ये, कामं पडलीत. मरणाऱ्या बाईला कामं पडलीत म्हणून सांगता? एकदा तरी तिच्याशी खरं बोललात का? तिचा निरोप तरी घेतलात का? आणि मोटरचं तेल काढायला विसरलात, ते विसरलातच!"

"विसरलो नव्हतो," रेनो म्हणाला.

तो बाकावर बसला. हात गुडघ्यांवर ठेवले. या माणसाला मी इतक्या वर्षांत सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं.

"बोट बाहेर काढली. पेट्रोलची टाकी रिकामी केली. ताडपत्री बांधली. ते सगळं माझं काम, ते केलं. मग तेलाचं राहिलं. कसं करायचं ते मला माहीत आहे, विल्हो. इतकी वर्षं तिच्यापाशी बसून बघितलंय. तिचा स्क्रूड्रायव्हर घेतला, मोटरसमोर बसलो. आणि वाटलं, हे मीच केलं तर तिला येऊन करायला काय राहिलं? मग ती कशाला येईल? स्क्रूड्रायव्हर जागेवर ठेवून दिला." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दर रविवारी फोनवर विचारायची, खालचं तेल काढलंस का रे? मी म्हणायचो, ते तुझं काम, ये आणि कर. ती म्हणायची, येते की. दर रविवारी. मग थंडी पडली. रोज सकाळी जाऊन मोटर बघत होतो. फुटणार हे कळत होतं. पण हात लावला नाही."

मी टबातल्या पाण्याकडे बघत बसलो. मारिता भिंतीला टेकून उभी होती. तिचा राग गेला नव्हता, पण त्याचं काय करायचं ते तिला समजत नव्हतं, असं दिसलं.

मग ती बापाच्या शेजारी येऊन बसली.

"आईला माहीत होतं, बाबा."

"काय?"

"तुम्ही तेल काढलं नाही ते. आणि काढणार नाही तेही. फोनच्या वेळी मी तिच्याजवळच असायचे. एकदा फोन ठेवल्यावर मी म्हटलं, आई, मी विल्होकाकांना कळवते, ते येऊन काढतील. तिनं माझं मनगट धरलं. अंगात जीव नव्हता, तरी असं घट्ट धरलं. म्हणाली, खबरदार विल्होला सांगशील तर. मी म्हटलं, अगं, मोटर फुटेल. म्हणाली, फुटेल. मला काय कळत नाही? फुटू दे. रेनो माझी वाट बघतोय, तेवढं तरी त्याला करू दे."

रेनो तिच्याकडे वळला.

"तिला माहीत होतं ती येणार नाही?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि तरी म्हणायची, येते की."

"हो." मारितानं बाहीनं डोळे पुसले. "मी तुम्हाला सांगितलं नाही. मला तुमचा फार राग आला होता, बाबा. वाटायचं, ती मरताना पण तुम्हालाच सांभाळतेय, आणि तुम्ही काहीच करत नाही."

रेनो रडला. मोठा माणूस रडतो तेव्हा कुठं बघावं ते कळत नाही. मी उठून शेडचं दार लावून घेतलं, कारण धक्क्यावर दोघंतिघं उभे होते आणि आमच्या लोकांना कान फार. मारितानं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. ज्या बाईनं कधी कुणाची मोटर फुटू दिली नाही, तिनं स्वतःची फुटू दिली, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. आणि सांगायला लाज वाटत नाही, दाराकडे तोंड करून मीही डोळे पुसले.

मग रेनोनं नाक पुसून विचारलं, "विल्हो, तुझी मोटर माझ्या नावेला बसेल का?"

"बसेल. जरा जड पडेल, पण बसेल."

"मग बसव. शनिवारी जायचं."

"रीतीचं काय करतोस?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण मला जाणून घ्यायचं होतं की त्यानं मनापासून ठरवलंय.

"नाव घरचीच आहे. मोटर तिनं स्वतः सोडून दिली. माझी काय हरकत?" मग उठता उठता म्हणाला, "दोरी मात्र मी ओढणार."

"दुसरं कोण ओढणार रे? मी? माझा खांदा गेलाय."

शुक्रवारी धक्क्यावरचे आम्ही चौघं बेटावर जाऊन कबर खणून आलो. किनाऱ्याची वाळू मऊ झाली होती, पण खाली थंडी अजून तशीच होती. शनिवारी वारा पडलेला होता. पेटी नावेत ठेवली, मारिता तिच्यापाशी बसली. धक्क्यावर सगळे टोप्या काढून उभे होते. रेनोनं दोरी ओढली. माझी मोटर पहिल्या ओढीला चालू होत नाही, तिसऱ्या ओढीला झाली. आमच्या नावा मागून निघाल्या. तो सावकाश, बर्फाच्या लाद्या चुकवत गेला, आणि वाटेत एकदाही त्यानं मागं वळून बघितलं नाही.

पाद्र्यांची प्रार्थना म्हणून झाली. आम्ही दोरांवरून पेटी खाली सोडली. माती टाकायची वेळ आली तेव्हा रेनो कबरीच्या कडेशी गुडघ्यावर बसला. त्याला बसायला त्रास होतो, म्हणून मी धरायला पुढं झालो, तर त्यानं हातानंच नको म्हणून खुणावलं. मूठभर वाळू घेतली. आम्ही सगळे अगदी जवळ उभे होतो, त्यामुळे तो काय बोलला ते प्रत्येकाला ऐकू गेलं.

"हिल्मा," तो म्हणाला, "आता नाही आलीस तरी चालेल."